रिपोर्टातला ठळक आकडा आणि न सांगितलेला चहा

"रिपोर्टात आकडा ठळक छापून आलाय. मला काही मोठं झालंय का?" हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात. सोलापूरच्या पूर्व भागातले एक काका पत्नीसोबत आले, तेव्हा दोन रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी, वय पन्नाशीच्या आसपास. मुलाच्या आग्रहाने तपासण्यांचं पॅकेज केलेलं. उपाशीपोटी साखर ११८, पोटॅशियम ५.८, दोन्ही मर्यादेच्या वर. मोबाइलवर शोधलं तर 'किडनी' आणि 'हृदय बंद पडणं' एवढंच दिसलं.

पोटॅशियमचा असा आकडा घरात ठेवून काळजी करत बसायचं नसतं. म्हणून बोलणं बाजूला ठेवून मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी ठीक निघाला, नव्या सॅम्पलमध्ये पोटॅशियम ४.४ आलं. पहिल्या वेळी शीर सापडत नव्हती, पट्टा बराच वेळ बांधलेला होता आणि काका मूठ उघडझाप करत होते. अशा वेळी पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं आणि सॅम्पलमधला आकडा फुगतो.

साखरेचं मात्र वेगळं होतं. "त्या रात्री पोटात शेवटचं काय गेलं?" असं विचारल्यावर काकांनी आधी पत्नीकडे पाहिलं. पहाटे साडेचारला साखरेचा चहा आणि खारी. सॅम्पल सातला दिलेलं.

"काउंटरवर विचारलं होतं मॅडम. मी उपाशीच म्हणालो. पैसे भरलेले, परत पाठवलं असतं तर? आणि रात्रभर माग चालवून उपाशी कसं राहायचं?"

मला त्यांचा राग आला नाही. "उपाशी ना?" असं घाईत विचारलं की माणूस मान डोलावतो. "शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं?" असंच विचारायला हवं. पण कुणी नाही विचारलं, तरी आपण होऊन सांगा. चहा चुकून झाला तर तपासणी दुसऱ्या दिवशी करता येते. खोट्या 'उपाशी'वर छापलेला आकडा मात्र डॉक्टर खरा धरून चालतात. उपाशी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. पाणी जरूर प्यावं, शीरही लवकर सापडते.

काकांनी सुट्टीच्या रात्री झोप काढून सकाळी पुन्हा साखर तपासली: १०४. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ५.९. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. हे मी गोड करून सांगितलं नाही. रात्रपाळीतल्या चहाची साखर आणि जेवणाच्या वेळा यांवर आम्ही पुढे बराच वेळ बोललो.

पॅकेज करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. बहुतेक तपासण्यांची 'नॉर्मल' मर्यादा १०० निरोगी माणसांपैकी ९५ जण आत बसतील अशी ठरवलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. तो आकडा डॉक्टरांना दाखवायचाच, पण त्यावरून स्वतःच आजार ठरवायचा नाही.

निघताना काकूंनी विचारलं, "माझी थायरॉइडची तपासणी आहे. सकाळची गोळी घेऊ का?" साधारणपणे सॅम्पल दिल्यावर घेतात, तरी डॉक्टरांना विचारा, असं मी सांगितलं. केसांसाठी त्या बायोटिनच्या गोळ्या घेत होत्या. बायोटिनमुळे थायरॉइडसह काही तपासण्या चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. कोणत्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे डॉक्टरांनी ठरवायचं. काकूंना मी सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्यायला सांगितलं, आयुर्वेदिक धरून.