चीनमध्ये हिरडा जुलाब थांबवतो

प्रश्न : वैद्यताई, नमस्कार. मी बी.ए.एम.एस.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही चेंगडूला राहून चिनी वनौषधी शिकलात, असं याच सदरात वाचलं. मलाही शिकायचंय. इंग्रजीतून सहा महिन्यांचा एक ऑनलाइन कोर्स सापडलाय, शेवटी 'प्रॅक्टिशनर' असं सर्टिफिकेट देतात. तो करू का? चिनी भाषा यायलाच हवी का? आणि ज्येष्ठमध, सुंठ, पिंपळी त्यांच्याकडेही आहेतच. मग चिनी नावं पाठ केली की निम्मा अभ्यास झालाच ना?
– एक वाचक, मिरज

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझे पहिले सहा महिने त्याच चुकीत गेले. (तुला 'तुम्ही' म्हणणं मला जमायचं नाही, राग मानू नकोस.)

जाताना मी दोनशे पानी वही नेली होती. डावीकडे चिनी नाव, उजवीकडे आपलं. कान-छाव म्हणजे ज्येष्ठमध. पी-पो म्हणजे पिंपळी, आणि हे तर नावच मुळी आपल्या 'पिप्पली'वरून तिकडे गेलेलं. मी खूश! मग आला ह-त्स, म्हणजे हिरडा. आपण हिरडा देतो तो पोट साफ व्हायला. तिथल्या पुस्तकात मात्र तो 'धरून ठेवणाऱ्या' औषधांत बसवलेला : जुने जुलाब थांबवायला, बसलेला आवाज मोकळा करायला. मी हात वर करून सांगितलं, सर, इथे छपाईची चूक आहे. अख्खा वर्ग हसला.

सर हसले नाहीत. दुपारी मला औषधं तयार करायच्या खोलीत घेऊन गेले. तिथे ओल्या कणकेत गुंडाळलेले हिरडे गरम राखेत पुरले होते. कणीक करपून काळी पडली की कवच फोडायचं आणि आतला हिरडा काढून घ्यायचा. जुलाबाला हा भाजलेला, घशाला कच्चा. कणकेचा तो करपलेला वास नाकात घेऊन रात्री खोलीवर आले आणि 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथातला श्लोक आठवला, परीक्षेपुरता घोकलेला : 'चर्विता वर्धयत्यग्निं पेषिता मलशोधिनी, स्विन्ना संग्राहिणी...' वाटलेला हिरडा मळ काढतो, वाफवलेला बांधतो. म्हणजे आपल्याकडेही लिहून ठेवलंय की! मीच 'हिरडा म्हणजे रेचक' एवढं गाठोडं घेऊन विमानात बसले होते. वही त्या रात्री बंद केली.

तेव्हा नावांच्या जोड्या लावू नकोस. त्यांचं औषध कोणत्या चवीचं, थंड की उष्ण, कसं संस्कारित केलेलं आणि काढ्यात कुणाच्या जोडीला आलंय, हे त्यांच्याच हिशेबाने शीक. चवी ते पाच मोजतात; तुरट आंबटाच्या पदराला बांधलेली. काढ्यात एक औषध राजा, मग प्रधान, मदतनीस आणि वाट दाखवणारा दूत. हीच सुंठ एका काढ्यात राजा असेल, दुसऱ्यात नुसती मदतनीस.

भाषा हवीच. चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांना मलेरियाच्या औषधासाठी २०१५ साली नोबेल मिळालं, ते आठव. छिंग-हाव ही वनस्पती उकळली की गुण हाती लागेना. चौथ्या शतकातल्या को होंग या वैद्याच्या ग्रंथात त्यांना सापडलं की मूठभर छिंग-हाव पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यावा. उकळायचं नावच नाही! मग त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला. भाषांतराच्या सारांशात असली ओळ पहिली गळते.

नावाचा घोटाळा जिवावरही बेततो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत 'हान फांग-ची' या वनस्पतीच्या जागी 'ग्वांग फांग-ची' गेली. ही दुसरी आपल्या ईश्वरीच्या कुळातली. शंभरावर रुग्णांची मूत्रपिंडं बिघडली. दोन्हींना लोक नुसतं 'फांग-ची' म्हणत.

आता कोर्स. ओळख म्हणून ऐकायला हरकत नाही, पण त्या 'प्रॅक्टिशनर' शब्दाला भुलू नकोस. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी २०१५चा कायदा आहे; चिनी वनौषधींना आपल्याकडे तशी मान्यता नाही. त्या सर्टिफिकेटवर पेशंटला काढे देता येणार नाहीत. खरंच शिकायचं तर आधी इंटर्नशिप संपव, बरोबरीने चिनी भाषेच्या एचएसके परीक्षा दे. तिथली पदवी पाच वर्षांची असते, बी.ए.एम.एस.नंतर पदव्युत्तर प्रवेश मिळतो का, हे त्या त्या विद्यापीठाला थेट विचार. एजंटला नको.

आणि औषध हातात यायलाच हवं. तू-चुंग या चिनी औषधी झाडाची साल मोडली की दोन तुकड्यांमध्ये पांढरे रेशमी तंतू ताणले जातात, डिंकासारखे. दिसायला तशाच असलेल्या दुसऱ्या सालीत ते नसतात. आमच्या तोंडी परीक्षेत समोर बशा मांडायचे आणि गप्प बसायचे. आम्ही मोडायचं, हुंगायचं, जिभेवर कण ठेवायचा. पडद्यावर ते कसं जमणार?

फी भरण्याआधी त्या लोकांना एवढंच विचार : औषधांचे नमुने घरी पाठवता का, आणि किती? काय म्हणतात ते मला कळव.