आश्रमशाळेतल्या मुलांना दर आठवड्याला भेटणारे ‘ताई-दादा’ : मुलांत फरक पडतो का, हे मोजायचं कसं? (शहादा)

भेटी सुरू होण्याआधी जुलैत आणि पुढच्या जुलैत तीच प्रश्नावली भरून घ्या, तीही ताई-दादा मिळालेल्या आणि अजून यादीत थांबलेल्या, अशा दोन्ही मुलांसाठी. थांबलेली मुलं सोडली तर आकडे फसवतात. शिक्षक सगळ्यात गप्प, बुजलेली मुलं आधी पाठवतात, आणि त्यातली बरीच कुणी न भेटताही वर्षभरात थोडी खुलतात. मुलांशी मोठ्या माणसांची अशीच जोडी लावून देणाऱ्या अमेरिकेतल्या बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या संस्थेवरचा १९९५ चा अभ्यासही अशाच प्रतीक्षायादीवर उभा आहे.

प्रश्नावली घरी बनवू नका, एसडीक्यू (मुलांच्या भावना आणि वागण्यातल्या अडचणी मोजणारी तयार प्रश्नावली) घ्या: २५ प्रश्न, अडचणींचे गुण ० ते ४०. स्वतः भरायचा नमुना ११ वर्षांपासून पुढे. त्याहून लहानांचा वर्गशिक्षक भरतील.

- ताई-दादांनी स्वतः भरून घेऊ नये. मूल त्यांना आवडेल तेच सांगतं.
- पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवा, पण सगळ्यांना त्याच शब्दांत.
- वहीत प्रत्येक भेट लिहा: ठरलेली तारीख, झाली की हुकली, किती मिनिटं.

मूल आणि ताई-दादा यांच्या मध्येच मोडलेल्या जोड्या हिशेबातून गाळू नका. त्याच अमेरिकी माहितीच्या पुढच्या विश्लेषणात तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा आत्मविश्वास उलट घसरलेला दिसला.

दुसरी मोजणी दिवाळीनंतर घेतलीत, तर ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलं गळतील आणि सरासरी उगाच चांगली दिसेल. शिवाय वीस-पंचवीस मुलांवरून टक्केवारी छापू नका. प्रत्येक मुलाचे आधीचे-नंतरचे गुण शेजारी मांडा.