कन्सोलमधला ब्राउझर का रुसतो?

प्रश्न : ताई, आमच्याकडे २००८च्या सुमाराचा, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल आहे. खेळ अजून उत्तम चालतात, पण त्यातल्या ब्राउझरवर हल्ली काही धड उघडत नाही. कधी सर्टिफिकेटची तक्रार, कधी नुसतं पांढरं पान. त्याच वायफायवर मोबाईल झकास चालतो. कन्सोल बिघडलाय का?

उत्तर : कन्सोल ठणठणीत आहे. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन तारीख बघा. कन्सोल बरेच महिने बंद राहिला की आतली बारकी बॅटरी उतरते आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे साइट खरी असल्याच्या डिजिटल ओळखपत्राला, सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन तारखा असतात. मागे पडलेल्या घड्याळाच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर पान उघडायला नकार देतो. मी सेट-टॉप बॉक्समध्ये ब्राउझर बसवायचं काम करायचे, तेव्हा अशी तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा घड्याळच बघायचो.

तारीख बरोबर असेल, तर दुखणं फर्मवेअरमध्ये, म्हणजे कन्सोलच्या आत बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये आहे. सर्टिफिकेटवरच्या कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा, याची यादी तिथे असते आणि ती फक्त कंपनीच बदलू शकते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य साइटना मोफत सर्टिफिकेट देते. तिची सही पूर्वी ज्या रूट (सह्यांच्या साखळीतल्या सर्वांत वरच्या) सर्टिफिकेटच्या आधारावर ओळखली जायची, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. नवं रूट ज्यांच्या यादीत पोचलंच नाही, अशा बऱ्याच जुन्या उपकरणांना त्या साइट परक्या झाल्या. त्याच वर्षी टीएलएस १.० आणि १.१ या एन्क्रिप्शनच्या, म्हणजे मजकूर गुप्त करून पाठवायच्या, जुन्या पद्धती अधिकृतपणे बाद झाल्या. ज्याला तेवढंच येतं, त्या ब्राउझरशी सर्व्हर बोलणंच सुरू करत नाही. पांढरं पान येतं ते बहुतेक वेळा जावास्क्रिप्टमुळे, म्हणजे पानाला हालचाल देणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेमुळे. आजची पानं नव्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असतात, ब्राउझरच्या जुन्या इंजिनाला, म्हणजे पान वाचून मांडणाऱ्या भागाला, पहिल्याच ओळीत न कळणारं काही भेटतं आणि पुढचं सगळं अडतं.

हे ब्राउझर वाईट होते, असं कृपया समजू नका. निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या कन्सोलची रॅम अवघी ४ एमबी होती. २००६मध्ये ऑपेराचा ब्राउझर त्यावर आला, तेव्हा जादा मेमरीचं वेगळं कार्ड दुसऱ्या खाचेत घालावं लागायचं. आता हिशेब करून बघा : १९२० × १०८० पिक्सेलचा फोटो फाइल म्हणून २०० केबीचा असला, तरी पडद्यावर दाखवायला उलगडला की दर पिक्सेलला चार बाइट धरून ८० लाखांहून जास्त बाइट खातो. म्हणजे एकच फोटो डीएसच्या सगळ्या रॅमच्या जवळजवळ दुप्पट! अशा जागेत अख्खं वेब पान बसवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. सोनीच्या पीएसपी आणि प्लेस्टेशन ३मध्ये नेटफ्रंट नावाचा ब्राउझर होता, तोही याच काटकसरीत वाढलेला.

मग कंपन्या जुना ब्राउझर अपडेट का करत नाहीत? कन्सोलची विक्री थांबली की त्यावरची माणसं नव्या कामाला लागतात. शिवाय ब्राउझरच्या इंजिनातल्या फटीतूनच पुष्कळ कन्सोलची कुलुपं तोडली गेली आहेत, त्यामुळे कंपन्यांना तो दरवाजा नकोसा झाला. प्लेस्टेशन ५ आणि निन्टेन्डो स्विचच्या मेनूत ब्राउझर दिसत नाही. लॉगिनच्या पानांपुरतं वेबकिट हे ब्राउझरचं इंजिन आत आहेच.

कंपनीच्या सेटिंग्जमधून फर्मवेअरचं शेवटचं अपडेट मिळत असेल तर ते जरूर घ्या, कधीकधी सर्टिफिकेटची यादी त्यातून येते. बाहेरून कुठून उचललेलं फर्मवेअर टाकू नका. आणि या ब्राउझरमध्ये आता कुठलाही पासवर्ड टाकू नका, पान उघडलं तरीसुद्धा. मोठ्या पडद्यावर वाचायचं असेल, तर मोबाईलचा स्क्रीन टीव्हीवर घ्या.

प्रश्न : माझ्या कीपॅडच्या फोनवर ऑपेरा मिनी आहे आणि तो अजूनही बऱ्याच साइट उघडतो. त्यावरून बँकेचं काम केलं तर चालेल का?

उत्तर : नका करू. साध्या जावा फोनवरचा ऑपेरा मिनी पान स्वतः उघडतच नाही. तुमची मागणी ऑपेराच्या सर्व्हरकडे जाते, तिथे पान उघडून, जावास्क्रिप्ट चालवून, आटोपशीर करून फोनकडे धाडलं जातं. म्हणूनच इतक्या लहान मेमरीत आणि मंद नेटवर्कवर ते येतं. पण याचाच अर्थ असा, की फोन ते सर्व्हर आणि सर्व्हर ते बँक अशी दोन वेगळी कुलुपं लागतात आणि मध्ये सर्व्हरवर तुमचा मजकूर उघडा होतो. ऑपेरा तो वाचते असं मी म्हणत नाही, पण बँकेचा पासवर्ड तिसऱ्या कुणाच्या यंत्रातून जाऊच नये. बातम्या, लेख, रेल्वेचं वेळापत्रक बघायला तो बिनधास्त वापरा. पानं अडखळायला लागली तर त्याच्या सेटिंग्जमध्ये चित्रांचा दर्जा कमी करा किंवा चित्रं बंदच ठेवा, मजकूर लगेच येईल.