वाचकांचे प्रश्न : ड्रायव्हर आपोआप बदलतो तेव्हा

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज ११ होम आहे. एका अपडेटनंतर आवाजच बंद झाला. कंपनीच्या साइटवरचा जुना ड्रायव्हर टाकला की आवाज येतो, पण काही दिवसांत विंडोज पुन्हा आपलाच ड्रायव्हर बसवते. काय करावे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ड्रायव्हर म्हणजे मशीनचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारे छोटे सॉफ्टवेअर. आधी खात्री करून घ्या. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे अपडेट हिस्टरी. त्यात ड्रायव्हरची यादी वेगळी असते. आवाज गेला त्याच सुमारास 'रियलटेक… मीडिया' (रियलटेक ही आवाजाच्या चिप बनवणारी कंपनी) अशी नोंद दिसली, तर चोर सापडला.

आता स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'मध्ये रियलटेकवर डबल क्लिक, मग 'ड्रायव्हर' टॅब आणि 'रोल बॅक ड्रायव्हर'. हे बटण फिकट असेल तर 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' आणि 'लेट मी पिक' या वाटेने जा. मशीनमध्ये साठवलेल्या जुन्या आवृत्त्या तिथे दिसतात. एकही चालली नाही, तर 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा. हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर आहे. कंपनीचे साउंड इफेक्ट जातील, पण बहुतेक वेळा आवाज येतो.

नुसते अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केले तर तोच ड्रायव्हर परत येतो, कारण त्याची प्रत विंडोजच्या साठ्यात तशीच असते. अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याची चौकट येते, तिच्यावर टिक हवी.

विंडोजचा हट्ट कशामुळे? प्रत्येक भागाला हार्डवेअर आयडी, म्हणजे त्याची ओळख सांगणारा कोड असतो. त्याच्याशी जास्त नेमका जुळणारा ड्रायव्हर निवडला जातो. दोन सारखेच जुळले तर नंतरच्या तारखेचा, आणि तारीखही एक असली तरच आवृत्ती क्रमांक बघितला जातो. लॅपटॉप कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी जुळवलेला ड्रायव्हर तारखेने मागचा असला, की तो इथे हरतो. म्हणून कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलसाठी आणखी नवा ड्रायव्हर आला आहे का, ते आधी बघा. खरा इलाज तोच. तोवर 'पॉज अपडेट्स'ने जास्तीत जास्त ५ आठवडे मिळतात. पण त्यात सुरक्षेचे अपडेटही थांबतात, तेव्हा सवय लावून घेऊ नका.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये (विंडोजचे नियम ठरवायचे साधन) विंडोज अपडेटखाली 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' ही सोय आहे. नावातच नकार असल्याने ड्रायव्हर थांबवायला 'एनेबल्ड' निवडायचे. इथे भले भले उलटे करतात. होममध्ये हा एडिटर येत नाही.

प्रश्न : एका फुकट सॉफ्टवेअरने माझे बरेच ड्रायव्हर 'कालबाह्य' ठरवले आहेत. काहींवर २००६, काहींवर चक्क १९६८ साल! पैसे भरून अपडेट करू का?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : एक रुपयाही भरू नका. २१ जून २००६ ही तारीख मायक्रोसॉफ्ट विंडोजसोबतच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर मुद्दाम टाकते. वर सांगितलेल्या नियमामुळे, तेवढाच जुळणारा पण नंतरच्या तारखेचा कंपनीचा ड्रायव्हर आपसूक पुढे जातो. इंटेलच्या चिपसेट फाइलींवरची १८ जुलै १९६८ ही तर इंटेलच्या स्थापनेची तारीख. हेतू तोच, दुसऱ्याच्या ड्रायव्हरवर कुरघोडी होऊ नये. ते सॉफ्टवेअर काढून टाका. 'ऑप्शनल अपडेट्स'मधल्या ड्रायव्हरनाही, सगळे नीट चालू असेल तर हात लावू नका.

प्रश्न : अपडेटच्या यादीत 'फर्मवेअर' दिसते आहे. तोही ड्रायव्हरच का? घरी डेस्कटॉप आहे, यूपीएस नाही.
– एक वाचक, धायरी

उत्तर : येतो त्याच वाटेने, पण बसतो बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये. ड्रायव्हर बिघडला तर परत फिरता येते. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली, तर मदरबोर्डच सुरू न होण्याचा धोका असतो. वळवाचे ढग जमलेत, दिवे लुकलुकताहेत, अशा संध्याकाळी रीस्टार्ट करूच नका. शक्यतो यूपीएस मागून आणा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, कारण फर्मवेअर बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर ती बहुधा त्याच खात्यात, डिव्हाइसच्या माहितीत सापडेल.