पहिल्या वर्षाची अ‍ॅनाटॉमी
अगं, 206 हाडांची यादी घोकत बसू नकोस. त्यातली 106 तर हातापायांच्या पंजांतच आहेत: मनगटासकट एका हातात 27, घोट्यासकट एका पावलात 26. स्वतःचाच हात चाचपत शीक.

शब्द मात्र फोडून वाच. शेवटी 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे तो भाग कापून काढणं. अपेंडिसायटिस झाला, म्हणून अपेंडिसेक्टमी. 'हायपर' जास्त, 'हायपो' कमी. घाईत इथेच घात होतो.

'इलियम' दोन आहेत. स्पेलिंगमध्ये 'एल'नंतर 'आय' असेल तर कमरेचं हाड, 'ई' असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग. तोंडी परीक्षेत आतडं विचारलं आणि मी हाड दाखवलं होतं!

आणि डावं-उजवं नेहमी पेशंटचं, तुझं नव्हे.