दावा ठोकला म्हणून कोणी आत जात नाही

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारलंय: घोडबंदर रोडच्या खड्ड्यांच्या बातमीखाली कोणीतरी कंत्राटदाराला चार शब्द सुनावले, त्यावर उलट उत्तर आलं, ‘मानहानीचा दावा ठोकीन, दोन वर्षं आत जाशील.’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि मानहानी व अब्रूनुकसानी एकच का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: एकच. ‘अब्रू’ फारसीतून आलेली, ‘मानहानी’ संस्कृत वळणाची. हिंदी बातम्या ऐकून ऐकून ती मराठीत बोकाळली आहे. ‘अवमान’ मात्र वेगळा, तो कोर्टाचा होतो.

खरी गोम ‘दावा’त आहे. दावा दिवाणी. त्यात वादी, प्रतिवादी आणि भरपाई, तुरुंग नाही. आत जायची भीती असते ती फौजदारी फिर्यादीत. टिळक-आगरकर १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या प्रकरणात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, ते फौजदारी खटल्यामुळे. आज त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे (१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड विधान, म्हणजे भादंवि, ४९९ आणि ५००): दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. पण गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास किंवा अटक करू शकत नाहीत. ते फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतील; ज्याची अब्रू गेली त्यालाच मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार न्यावी लागते. दावा आणि फिर्याद दोन्ही एकदम करता येतात, तरी एकाची धमकी देऊन दुसऱ्याची शिक्षा सांगायची, हे भाषेतही बसत नाही आणि कायद्यातही.

आता त्या चार शब्दांविषयी. आपल्याकडे समज असा, की ‘म्हणे’ जोडलं किंवा टोमणा मारला की सुटलो. ‘साहेब तर धुतल्या तांदळासारखे! टेंडरमधला एक रुपयाही त्यांनी खाल्ला नाही हो!’ कायदा इतका भोळा नाही. उपरोधाने केलेला आरोपही अब्रूनुकसानी ठरू शकतो, असं कलमातच आहे, आणि तिथलं उदाहरण अगदी याच जातीचं: ‘तो प्रामाणिक माणूस आहे, त्याने अमक्याचं घड्याळ कधीच चोरलं नाही.’ (कायद्याच्या पुस्तकात इतका छान टोमणा सापडेल असं वाटलं नव्हतं.)

‘पण खरं तेच लिहिलं ना!’ दिवाणी दाव्यात हा बचाव भक्कम आहे. फौजदारीत खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलेलं असावं लागतं. खड्ड्यांवर लिहिणं लोकहितात बसवता येईल. कंत्राटदाराच्या घरच्या भानगडी बसणार नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही फौजदारी तरतूद कायम ठेवली. मला ते पटत नाही. मोठं वर्तमानपत्र वकील लावून लढतं. दोन-तीन माणसांवर चालणारं ठाण्यातलं न्यूज पोर्टल कोर्टनाक्यावर तारखा किती खाणार? ते बातमी उतरवतं, खालच्या कमेंट बंद करतं, आणि निकाल लागायच्या आधीच विषय संपतो.

म्हणून तिसरा शब्दही नीट कळायला हवा: ‘नोटीस’. वकिलाची नोटीस हा ना दावा, ना फिर्याद, ना आदेश. पालघर ठाणे जिल्ह्यात असताना, २०१२ साली, तिथे फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम रद्द झालं. त्याच निकालात हेही ठरलं, की इतरांनी टाकलेला मजकूर मध्यस्थ संकेतस्थळाने काढलाच पाहिजे, असं बंधन येतं ते कोर्टाच्या किंवा सरकारच्या आदेशाने. वकिलाच्या कागदाने नव्हे. पोर्टलच्या स्वतःच्या बातमीला मात्र हे कवच नाही.