धुळीत दडवलेले पाय

प्रश्न : माझा मुलगा एका प्रकाशकासाठी चित्रकथा काढतो. पैसे पानावर मिळतात आणि दर अगदीच तुटपुंजा आहे. त्याला ‘थॉर’ या कॉमिकचे जुने अमेरिकन अंक चाळायचा नाद आहे. जॅक कर्बी एवढा मोठा चित्रकार, मग 1960 च्या दशकातल्या त्या अंकांतल्या चित्रांची पार्श्वभूमी ओकीबोकी का, असं तो विचारतो. कमी पैशांत काम करून हात बिघडतो का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आधी कर्बीवरचा आळ काढू या. तो पेन्सिलने काढायचा, त्या रेघांवर शाई दुसराच कुणी चढवायचा. ‘थॉर’च्या 1965 ते 1970 मधल्या बऱ्याच अंकांना शाई चढवली ती विन्स कोलेटाने. शाईवाल्याचा दर पेन्सिलवाल्यापेक्षा कमी, आणि पानात पन्नास योद्धे असोत की एकच चेहरा, पैसे तेवढेच. कोलेटाने खोडरबर उचललं. गर्दीतली चार-पाच माणसं गायब, इमारतींच्या खिडक्या गायब, लांब उभा असलेला माणूस म्हणजे नुसता काळा ठिपका. कर्बीच्या पेन्सिलकामाच्या ज्या थोड्या प्रती उरल्या आहेत, त्या छापील पानाशेजारी ठेवल्या की काय काय गेलं ते दिसतं.

कोलेटाला हात नव्हता असं मात्र नाही. प्रेमकथांच्या कॉमिक्समधली त्याची केसासारखी बारीक रेघ बघा. संपादकांना तो हवा असायचा, कारण इतरांनी रखडवलेलं काम तो तारखेला आणून टाकायचा.

मी त्याला मनसोक्त शिव्या घालायचो, 1984 पर्यंत. त्या वर्षी मला एक ऐतिहासिक चित्रकथा मिळाली. पानाला 60 रुपये. पेन्सिल, शाई, फुग्यांतली अक्षरं, सगळं त्यातच. गोष्टीत घोडदळ. घोड्याचे पाय ज्याने काढलेत त्यालाच ठाऊक, एकेका खुरापाशी अर्धा तास जातो. पहिल्या आठ पानांत मी सगळे पाय काढले आणि महिनाअखेरीला घरभाडं थकलं. नवव्या पानापासून माझं सैन्य धुळीतून दौडू लागलं. मग रात्रीचे छापे आले, कारण रात्री सगळंच काळं रंगवता येतं. एका लढाईत तर मी ऐन उन्हाळ्यात धुकं आणलं! प्रकाशकाला काही कळलं नाही. कळलं असेल तरी बोलला नाही.

पण सगळा दोष दरावर टाकायचा तर स्टीव्ह डिटको हा अमेरिकन कॉमिक्स-चित्रकार आडवा येतो. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या डर्बी गावची चार्लटन ही कॉमिक्स काढणारी कंपनी दराच्या बाबतीत सगळ्यांत कंजूष म्हणून ओळखली जायची. घाईघाईने उरकलेली पानं तिथे ढिगाने छापली गेली. डिटको तरीही पुन्हा पुन्हा तिथेच जायचा, कारण कामात कुणी नाक खुपसत नसे. तिथली त्याची पानं साधी असतील, पण हात त्याचाच आहे. त्याने काय गाळायचं ते काढण्याआधीच ठरवलेलं दिसतं. मी आणि कोलेटा नंतर खोडत बसलो.

तेव्हा मुलाला सांगा, पटकथा हातात आली की आधी माणसं आणि घोडे मोजायचे. वीस स्वारांची चौकट परवडत नसेल तर दोन स्वार आणि टेकडीमागून निघालेले भाले, असं कच्च्या आराखड्यातच मांडायचं आणि संपादकाला दाखवून घ्यायचं. गर्दीच्या पानाला वेगळा दर मागून बघायलाही हरकत नाही. मला कधी मिळाला नाही, पण मी मागितलाही नव्हता.

आणि मूळ पानं परत मिळणार का, हे काम घेतानाच विचारून घ्यावं. माझी गेली ती गेलीच, त्या पहिल्या आठ पानांसकट.